रॅशगार्डवर नाव माझं, ट्रेडमार्कचा अर्ज शेठच्या बायकोचा

भांडुपच्या एका एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) कोचचा मेल आलाय, नाव देत नाही, मजकूर थोडा कापून देते:

"वकील ताई, जिममधल्या पोरांसाठी मी २०२३ मध्ये आमच्याच नावाचे ४० रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारे ट्रेनिंगचे टी-शर्ट) काढले, इन्स्टावर विकले, मग मागणी वाढली. यावेळी धारावीतल्या एका कारखान्याला ३०० रॅशगार्ड (२ लाख) आणि १५० फाइट शॉर्ट्स (१ लाख २० हजार) अशी ऑर्डर दिली, अर्धे पैसे आधी दिले. माल येऊन नऊ दिवस झाले. रॅशगार्ड मस्त आहेत पण शॉर्ट्सची शिलाई जांघेत उसवते, दोन पोरांच्या तर किक मारतानाच फाटल्या. उरलेले १,६०,००० मी थांबवले तर शेठ म्हणतो पैसे टाक, नाहीतर जास्तीचे ७० पीस आहेत ते फॅशन स्ट्रीटला देतो. वर ट्रेडमार्कच्या साइटवर बघितलं तर आमच्या नावाचा अर्ज शेठच्या बायकोच्या नावे दोन महिन्यांपूर्वी टाकलेला! लोगो एका मुलाने ६,००० मध्ये काढून दिलेला, जीपे केलं. अ‍ॅग्रीमेंट कशाचंच नाही. पैसे द्यायचे का? आणि नाव गेलं का?"

नाव गेलेलं नाही. पण आधी पैशाचं बोलू कारण तिथे तारीख आडवी येतेय.

शेठचं बिल काढा आणि त्यावर उद्यम नंबर आहे का बघा. धारावीतला बराच कारखानदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असतो, आणि तसं असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा लागतो, ज्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी तक्रार केली नाही तर माल तुम्ही स्वीकारला असं धरून चालतात. लेखी! फोनवर आरडाओरडा केला, कारखान्यात जाऊन फाटकी शॉर्ट टेबलावर आपटली, हे सगळं मनाला बरं वाटण्यापुरतं. तुमचा मेल काल आला म्हणजे आज दहावा दिवस, पाच दिवस उरलेत. सगळ्यांना पैसे द्यायचे ते ४५ दिवस माहीत असतात पण ती कमाल मुदत लेखी करार असेल तर, करार नसेल तर पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांतच द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ, दर महिन्याला. म्हणून "बघू, थांबवून ठेवू" हा तुमचा प्लॅन मला अजिबात पसंत नाही.

हिशेब साधा आहे. रॅशगार्डचे २ लाख, त्यातले १,६०,००० शेठकडे आधीच गेलेत, म्हणजे ज्या मालाबद्दल वाद नाही त्याचे ४०,००० बाकी. ते आजच बँकेतून टाका, कॅश नको, आणि मेलमध्ये लिहा की हे रॅशगार्डचे, शॉर्ट्सच्या १,२०,००० बद्दल वाद आहे. त्यानंतर शेठ तुम्हाला पैसे बुडवणारा म्हणून कुठे उभं करू शकत नाही, निदान सहजासहजी नाही.

शॉर्ट्सचं काय लिहायचं? १९३० चा माल विक्री कायदा अजून तोच चालतो. सॅम्पल दाखवून माल विकला तर सगळा लॉट त्या सॅम्पलसारखाच हवा (कलम १७), आणि कशासाठी पाहिजे हे सांगून ऑर्डर दिली असेल आणि समोरचा तोच धंदा करत असेल तर माल त्या कामाला लायक हवा (कलम १६). फाइट शॉर्ट्स किकमध्ये फाटते तर मग ती नुसती चड्डी झाली. तुम्ही पास केलेलं सॅम्पल तुमच्याकडे आहे ना? नसेल तर व्हॉट्सॅपवरचे फोटो, जीएसएमबद्दलचं (कापडाच्या वजनाचं) बोलणं, "फ्लॅटलॉक शिलाई पाहिजे" वगैरे मेसेज सगळे एक्स्पोर्ट करून ठेवा. १५० पीस उघडून मोजा की किती खरंच खराब आहेत, "सगळा माल भंगार" असं लिहू नका कारण ३० पीस चांगले निघाले की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा पण विश्वास उडतो. आणि त्यातली एकही विकू नका! विकली की स्वीकारली असंच धरतील.

आता नावाचं. नुसता अर्ज टाकून कोणी मालक होत नाही. आपल्याकडे आधी कोणी वापरलं याला फार वजन आहे, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याला नोंदणीवाल्यापासून पण वाचवतं, आणि तिरुनेलवेलीच्या हलव्याच्या दुकानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की पासिंग ऑफचा हक्क (आपल्या नावाने दुसऱ्याने माल खपवला तर त्याला थांबवायचा) नोंदणीच्या वर आहे. तुम्ही २०२३ पासून विकताय आणि शेठच्या बाईंच्या अर्जात बहुतेक "प्रपोज्ड टू बी यूज्ड" (म्हणजे वापर अजून सुरू नाही) असेल, तो कॉलम बघा. शेठ तुमचंच नाव तुमच्याच मालावर शिवत होता त्यामुळे नाव माहीत नव्हतं असं त्याला म्हणताच येणार नाही.

तुम्ही या आठवड्यात स्वतःचा अर्ज टाका, क्लास २५ (कपडे) मध्ये, एकट्या माणसाला ऑनलाइन ४,५०० फी, पुढे ग्लोव्हज काढायचे असतील तर क्लास २८ (खेळाचं साहित्य) वेगळा आणि फी पण वेगळी. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं ऑफिस अँटॉप हिलला आहे, शेठला तर चालत जाण्यासारखं, पण काम सगळं ऑनलाइनच होतं. आधीपासून वापर सांगितला की अ‍ॅफिडेव्हिट आणि पुरावे लागतात: पहिली इन्स्टा पोस्ट, जीपेची नोंद, कुरियरच्या पावत्या. तारीख तीच टाका जी दाखवता येईल, शपथेवर आहे ते, उगाच २०२१ टाकू नका. बाईंचा अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून आला की चार महिन्यांत विरोध टाकायचा, ऑनलाइन २,७०० फी, आणि हे चार महिने वाढत नाहीत, त्यामुळे दर सोमवारी जर्नल बघायची सवय लावा किंवा वकिलाला लावून द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मेलसोबतच्या फोटोत दिसली. तुमच्या लेबलवर गोलातला आर (®) छापलाय. नोंदणी नसताना तो लावायला ट्रेडमार्क कायद्यात मनाई आहे, कलम १०७, आधी तीन वर्षांपर्यंत कैद होती, २०२४ पासून कैद गेली पण दंड लागतोच. शेठच्या वकिलाने हे बघितलं तर तो आनंदाने नाचेल. टीएम लिहा, ते चालतं. आणि शॉर्ट्सच्या टॅगवर "यूएफसी स्टाइल" कशाला? एमएमए, ग्रॅपलिंग, जिउजित्सू हे कोणाच्या बापाचे शब्द नाहीत, पण यूएफसी हा एमएमएच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा मार्क आहे आणि तिथल्या फायटर्सचे कपडे २०२१ पासून व्हेनम नावाची कंपनी कराराने बनवते. ते टॅग काढाच.

लोगोचा घोळ तुमचाच. ६,००० दिले म्हणजे लोगो तुमचा झाला असं नाही, बाहेरच्या माणसाने काढला तर कॉपीराइट त्याचाच राहतो जोपर्यंत तो लिहून सही करून देत नाही. त्या मुलाला चहा पाजा आणि एक पानाचं असाइनमेंट (हक्क तुमच्या नावे करून देणारा कागद) करून घ्या, त्यात "कायमसाठी" आणि "जगभर" हे दोन्ही लिहा कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि देश लिहिला नाही तर फक्त भारत. एका वर्षात वापरला नाही तरी हक्क परत जाणार नाही, हेही घाला.

७० पीसचं: शेठ कापड आपलं म्हणेल, शिलाई आपली म्हणेल, पण नाव त्याचं नाही. त्याच मेलमध्ये लिहा की आमच्या लेबल-लोगोसकट एकही पीस बाहेर गेला तर कोर्टात मनाईहुकूम मागू. तशी वेळ आलीच तर तातडीचा मनाईहुकूम हवा असल्यामुळे आधी मीडिएशनला (मध्यस्थीला) जा म्हणून कोणी अडवणार नाही. पण मला वाटतं शेठ तिथपर्यंत येणार नाही, त्याला १,२०,००० पाहिजेत. बाईंचा अर्ज मागे घे, ७० पीसवरची लेबलं माझ्यासमोर काप, खराब शॉर्ट्स परत शिवून दे, मग चांगल्या निघतील तेवढ्या पीसचे पैसे देतो, अशी ऑफर टाका. अर्ज मागे घेतल्याचं साइटवर दिसल्याशिवाय पैसे सोडू नका मात्र.

पुढच्या ऑर्डरला विणलेली लेबलं स्वतः बनवून घ्या आणि मोजून द्या, ३०० पीसला ३१० लेबलं, उरलेली परत. मी तर म्हणते अर्धे प्रायव्हेट लेबलचे (दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाचा माल शिवून घेण्याचे) वाद एवढ्यानेच मिटतील. आणि मेलच्या कापलेल्या भागातलं, ते पाकिस्तानातल्या सियालकोटचे स्वस्त ग्लोव्हज दुबईमार्गे मागवायचं डोक्यातून काढा, मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर पूर्ण बंदी आहे, फिरवून आणला तरी.

मेल आज रात्रीच पाठवा, कॉपी व्हॉट्सॅपवर, आणि एक प्रिंट स्पीड पोस्टने. त्या दोन फाटलेल्या शॉर्ट्स न धुता पिशवीत बांधून ठेवा, घामाचा वास आला तरी.