रताळं: बी मागवू नका, काढणी लांबवू नका

प्रश्न: जांभळ्या रताळ्याचं बी ऑनलाइन मागवून पेरलं. एकही रोप आलं नाही. काय चुकलं?

उत्तर: मागवलं तेच चुकलं. रताळं बियांपासून लावत नाहीत. निरोगी वेलीच्या शेंड्याकडचा वीत-दीड वीत तुकडा, तीन-चार डोळ्यांचा, मधले डोळे मातीत जातील असा लावायचा. पाकिटावरचा जांभळा फोटो शंभर रुपयांचा, आतलं बी कशाचं ते विकणाराच जाणे. जांभळ्या गराचा ‘भू कृष्णा’, केशरी गराचा ‘भू सोना’ हे तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेचे वाण आहेत. ‘कोकण अश्विनी’ दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. बेणं, म्हणजे लावायचे वेलीचे तुकडे, कुठे मिळेल ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

प्रश्न: गच्चीवर कुंडीत येईल का?

उत्तर: येईल. सव्वा फूट खोल पिशवी आणि दिवसभर ऊन द्या.

प्रश्न: वेल अंगणभर पसरली, खाली मात्र बोटाएवढी मुळं. युरिया वाढवू का?

उत्तर: युरियानेच ही वेळ आणली असणार. नत्र जास्त झालं की पाला माजतो, कंद पोसायचा राहतो. पसरलेली वेल अधूनमधून उचलून ठेवा, नाहीतर पेरापेराला मुळं धरते. पुढची लागवड माती तपासूनच करा.

प्रश्न: ऑक्टोबरात लावलेली रताळी महाशिवरात्रीला तयार होती. शेजारी म्हणाले, जमिनीत राहिली की गोडी वाढते, म्हणून आषाढी एकादशीसाठी ठेवली. आता काहींना बारीक भोकं दिसतात. तेवढा भाग कापून उपासाला चालतील?

उत्तर: नाही. हे शेजारी मला दरवर्षी भेटतात, नाव तेवढं बदलतं. चार महिन्यांत कंद तयार झाला की काढायचा. त्यानंतर जमिनीत गोडी नाही, सोंड्या भुंगा वाढतो. मुंगीसारखा दिसतो; पंख निळे-काळे, छाती तांबडी. त्याला खोल उकरता येत नाही. उन्हाळ्यात माती भेगाळली की भेगेतूनच तो कंदापर्यंत उतरतो, अंडी घालतो आणि अळी आत बोगदे करते. म्हणून लागवडीनंतर महिन्याने आणि दोन महिन्यांनी वेलीच्या बुडाशी मातीची भर घाला, भेगा पडू देऊ नका. कुंपणावर हौसेने चढवलेली मॉर्निंग ग्लोरी याच कुळातली, किडीला तिथेही घर मिळतं. पोखरलेला कंद स्वतःच्या बचावासाठी कडू, घातक द्रव्यं तयार करतो. ती उकडून जात नाहीत, आणि भोकाभोवतीच थांबतात असंही नाही. गुरांनाही घालू नका, खतखड्ड्यात टाकू नका. लांब नेऊन खोल पुरा. त्या वाफ्यात पुढच्या हंगामात रताळं नको, त्या वेलीचं बेणंही नको. औषध फवारायचं मनात असेल तर दुकानदाराला विचारू नका. त्याला बाटली खपवायची असते. किडका कंद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. आणि खाल्ली असतील व त्रास वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा.

गोडीच हवी असेल तर काढलेली चांगली रताळी न धुता आठ-दहा दिवस उबदार, दमट सावलीत ठेवा. सालीवरचे ओरखडेही भरून येतात.

प्रश्न: मधुमेहाला रताळं चालतं असं मोबाइलवर वाचलं. खरं का?

उत्तर: मोबाइलला तुमची साखर ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: फ्रिजमध्ये किती दिवस टिकतील?

उत्तर: कच्ची ठेवूच नका. गारठ्याने गर आतून टणक होतो, शिजवला तरी मऊ पडत नाही. टोपलीत ठेवा.