पीएलसी चालू, पडद्यावर मात्र #### : वाचकांचे प्रश्न

या वेळी हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीतून आलेल्या पत्रांत तक्रार जवळपास एकच आहे : प्लांट चालतो, पीएलसीचा (यंत्रे चालवणाऱ्या कंट्रोलरचा) रनचा दिवा हिरवा, पण स्काडावर (प्लांटचे आकडे दाखवणाऱ्या पीसीवरच्या सॉफ्टवेअरवर) आकड्यांच्या जागी ####. बहुतेकांनी विचारले आहे की नवा ड्रायव्हर (पीसी आणि उपकरण यांना जोडणारा सॉफ्टवेअरचा भाग) कुठे मिळेल. ड्रायव्हर आपोआप बिघडत नाही. केबल, पोर्ट, सेटिंग किंवा विंडोज, यांपैकी काहीतरी बदललेले असते. आधी ते शोधू.

प्रश्न : आमच्या रोलिंग मिलमध्ये एसएलसी ५/०३ (ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी) आहे. स्काडाचा विंडोज एक्सपीचा पीसी गेला. नव्या विंडोज १० पीसीला सिरियल पोर्ट नाही, म्हणून सीताबर्डीतून यूएसबी कन्व्हर्टर आणला. कधी चालते, कधी नाही. पीसी रीस्टार्ट केला की हमखास बंद. – मेंटेनन्स इंजिनिअर, हिंगणा

सगळ्यात आधी पीएलसीवरचा बॅटरीचा दिवा पाहा. तो लाल असेल तर पॉवर बंद करू नका. प्रोग्रामचा बॅकअप घेईपर्यंत पॅनेलच्या एमसीबीला हातही लावू नका. ५/०३ चा प्रोग्राम बॅटरीवर टिकून असतो. तो गेला तर कम्युनिकेशनचा प्रश्न फारच छोटा वाटू लागेल.

आता कन्व्हर्टर. पीएलसीकडची केबल काढा, कन्व्हर्टरच्या ९ पिनी कनेक्टरमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, पुट्टीसारख्या टर्मिनल प्रोग्राममध्ये तो कॉम पोर्ट उघडा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेले अक्षर पडद्यावर परत आले तर कन्व्हर्टर आणि त्याचा विंडोज ड्रायव्हर दोन्ही ठीक. तार काढल्यावर अक्षर यायचे थांबले पाहिजे, हेही तपासा. नाहीतर टर्मिनलचा लोकल एको चालू असेल आणि निष्कर्ष चुकेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसत असेल तर चिप जुन्या किंवा नकली पीएल २३०३ ची असण्याची शक्यता मोठी. नवा ड्रायव्हर ती स्वीकारत नाही. त्यात वेळ घालवू नका, कन्व्हर्टर बदला.

रीस्टार्टनंतर बंद पडण्याची नेहमीची कारणे दोन. एक, कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये गेला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकते; स्काडा जुन्याच नंबरवर शोधत बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर ठरवून द्या आणि सॉकेटवर पट्टी चिकटवा. दोन, आणि तुमच्याकडे हेच असावे : आरएसलिंक्स (ॲलन-ब्रॅडली पीएलसीला पीसीशी जोडणारे सॉफ्टवेअर) विंडोजची सर्व्हिस म्हणून आधी सुरू होते आणि पोर्ट धरून ठेवते. एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. स्काडाचा स्वतःचा डीएफ-१ (या पीएलसीची सिरियल पोर्टवरची भाषा) ड्रायव्हर वापरायचा असेल तर आरएसलिंक्समधला त्या पोर्टचा ड्रायव्हर काढून टाका. आरएसलिंक्समार्फतच जायचे असेल तर स्काडाला ओपीसीने (सॉफ्टवेअरनी एकमेकांना डेटा देण्याच्या मानक पद्धतीने) जोडा. त्यासाठी आरएसलिंक्सची लाइट आवृत्ती चालत नाही.

सेटिंग अंदाजाने भरू नका. आरएसलिंक्समध्ये आरएस-२३२ डीएफ-१ ड्रायव्हर उघडून ऑटो-कॉन्फिगर दाबा. बॉड रेट, पॅरिटी, एरर चेकिंग जे निघेल ते कागदावर उतरवा आणि स्काडात तेच्या तेच भरा. सगळ्यात जास्त चुकते ते एरर चेकिंग : एकीकडे बीसीसी, दुसरीकडे सीआरसी (पॅकेटमधली चूक पकडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). बाकी सगळे बरोबर असूनही पीएलसी प्रत्येक पॅकेट नाकारतो. अशा वेळी पीएलसीवरचा आरएस-२३२ चा दिवा पाहा. स्काडा विचारतो तेव्हा तो लुकलुकत असेल तर पीएलसी काहीतरी परत पाठवतो आहे, म्हणजे केबल जोडलेली आहे आणि शोध सेटिंगमध्येच घ्यायचा. दिवा अजिबात हलत नसेल तर केबल पाहा : एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ ला, ३ ची २ ला, ५ ची ५ ला. सरळ केबल इथे चालत नाही. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा.

रात्री मिल थांबली आणि सकाळी जोडणी बंद सापडत असेल तर यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असेल तर लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधी चिप थांबते तो वेळ) १६ वरून १ मिलिसेकंदावर आणा, पडदा लगेच चपळ होतो. पण कायमच्या कामासाठी आमचे मत स्पष्ट आहे : पीसीआय एक्सप्रेसचे सिरियल कार्ड बसवा. यूएसबी कन्व्हर्टर लॅपटॉपच्या बॅगेत शोभतो, मिलच्या चोवीस तास चालणाऱ्या पीसीमागे नाही.

प्रश्न : सोयाबीन तेलाच्या प्लांटमध्ये एका आरएस-४८५ लाइनवर आठ मॉडबस (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची एक ठरलेली पद्धत) कंट्रोलर आहेत. नवे एचएमआय (ऑपरेटरच्या पडद्याचे) सॉफ्टवेअर टाकल्यावर काही तापमाने शेजारच्या टॅगची (पडद्यावरच्या दुसऱ्या आकड्याची) दिसतात, काही शून्य. एक कंट्रोलर बंद केला की सगळेच रेंगाळतात. – इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, बुटीबोरी

हे तीन वेगळे दोष आहेत.

शेजारचा आकडा येतो तो पत्त्यामुळे. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेले असते, पण तारेवरून तोच रजिस्टर (कंट्रोलरमधला आकडा ठेवायचा कप्पा) ० म्हणून जातो. काही सॉफ्टवेअर हा १ स्वतः वजा करतात, काही करत नाहीत, आणि काही मॅन्युअल आधीच वजा करून छापलेली असतात. ड्रायव्हरमध्ये शून्यापासून की एकापासून मोजायचे याची खूण असते. ती बदलून पाहा. टॅग एकेक करून दुरुस्त करू नका.

शून्य दिसते ते फ्लोटमुळे, म्हणजे दशांश आकड्यामुळे. फ्लोट दोन रजिस्टरमध्ये मावतो आणि कोणता आधी पाठवायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. सेटपॉइंट ४५.० ठेवून कच्चे रजिस्टर हेक्समध्ये वाचा. ४२३४ आणि मग ०००० आले तर क्रम सरळ. ०००० आधी आले तर उलट. उलट क्रमात ४५ ची किंमत इतकी सूक्ष्म होते की पडद्यावर ०.० च दिसते. मग ड्रायव्हरमध्ये वर्ड स्वॅप लावा.

आता रेंगाळणे. ९६०० बॉडला ११ बिटचे एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेते. ६० रजिस्टर एका हुकमात वाचले तर जाणे-येणे मिळून १३३ बाइट, म्हणजे साधारण १५० मिलिसेकंद. तेच ६० वेगवेगळे वाचले तर प्रत्येकाचे १५ बाइट, दोन्हीकडची शांतता (संदेशांमधला रिकामा वेळ) आणि कंट्रोलरचा विचार करायचा वेळ धरून प्रत्येकी ४०-४५ मिलिसेकंद होतात. एकूण अडीच सेकंदांच्या पुढे. म्हणून टॅगचे पत्ते सलग ठेवा आणि ब्लॉक रीड चालू करा. मॉडबसची मर्यादा १२५ रजिस्टरची आहे, पण जुने कंट्रोलर त्याआधीच नकार देतात, आणि मधला एखादा पत्ता अस्तित्वात नसेल तर काही कंट्रोलर एरर ०२ देऊन पूर्ण ब्लॉक नाकारतात. तिथे ब्लॉक तोडा.

बंद कंट्रोलरचे गणित याहून वाईट. टाइमआउट १ सेकंद आणि रीट्राय ३ असेल तर त्या एकट्यासाठी लाइन प्रत्येक फेरीत ४ सेकंद अडते आणि बाकीचे सात ताटकळतात. टाइमआउट ३०० मिलिसेकंद, रीट्राय १ करा आणि उत्तर न देणाऱ्याला ३० सेकंद बाजूला ठेवायची सोय ड्रायव्हरमध्ये असेल तर ती लावा.

जाता जाता लाइनही पाहून घ्या : १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधल्या कंट्रोलरवर नको, शील्डला अर्थ एकाच टोकाला. केबल मोकळ्या आवारातून जात असेल तर पावसाळ्यातल्या विजांआधी आयसोलेटेड कन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर बसवा.

प्रश्न : ओपीसी सर्व्हर विंडोज १० वर, स्काडा जुन्या विंडोज ७ वर. अनेक वर्षे चालले, मग सर्व्हरवर अपडेट आले आणि जोडणी तुटली. – शिफ्ट इनचार्ज, कळमेश्वर

जुना ओपीसी डीए (ओपीसीचा जुना प्रकार) दोन पीसींमध्ये डीकॉमवरून, म्हणजे एका पीसीवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या पीसीवरचा प्रोग्राम वापरायच्या विंडोजच्या सोयीवरून, चालतो. मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून डीकॉमची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली. जून २०२२ मध्ये ती आपोआप लागू झाली, तरी रजिस्ट्रीतून बंद करता येत होती. १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर तीही वाट बंद झाली. तेव्हा रजिस्ट्रीचा जुना उपाय कोणी सांगितला तर आता उपयोग नाही. सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट १००३६ दिसला की निदान पक्के : क्लायंट पुरेशा ऑथेंटिकेशन पातळीने येत नाही.

अपडेट काढून टाकू नका. सोपा मार्ग म्हणजे ओपीसी सर्व्हर स्काडाच्याच पीसीवर बसवणे. मग डीकॉम नेटवर्कवरून जातच नाही. ते जमत नसेल तर दोन्हीकडे ओपीसी टनेलर (डीकॉम टाळून डेटा नेटवर्कवरून नेणारे सॉफ्टवेअर) टाका. स्काडाची नवी आवृत्ती घ्यायचीच असेल तर ओपीसी यूए (डीकॉम न लागणारा नवा प्रकार) मागा. इव्हेंट १००३६ नसेल तर मात्र आधी दोन्ही पीसींवर एकच यूझर आणि पासवर्ड आहे का पाहा. डेटा बदलला की सर्व्हर उलटा क्लायंटला हाक मारतो, त्यामुळे परवानगी दोन्ही दिशांनी लागते. जोडणी होते पण आकडे हलत नाहीत, असे दिसले तर दोष तिथे असतो.

प्रश्न : सीमेन्स एस-५ (जुना पीएलसी) च्या १५ पिनी पोर्टला आरएस-४८५ कन्व्हर्टर लावला, काहीच येत नाही. – इलेक्ट्रिशियन, हिंगणा

येणारही नाही. तो पोर्ट २० मिलिअँपिअर करंट लूपचा, म्हणजे टीटीवाय आहे. आरएस-२३२ ते टीटीवाय असा एस-५ साठीचाच कन्व्हर्टर घ्या; ड्रायव्हर एएस-५११ (एस-५ च्या या पोर्टची भाषा), ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी इव्हन, १ स्टॉप बिट. स्वस्त यूएसबी केबलपैकी काहींना पॅरिटी नीट जमत नाही, तेव्हा पहिली चाचणी खरा सिरियल पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर घ्या. त्या पोर्टवर प्रोग्रामर लावायचा झाला की स्काडा थांबवावा लागेल. शिफ्टला आधी कळवा.