मोडलेले मनगट, अवघडलेला हात आणि पावसातले पाय

वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हाडे, स्नायू आणि त्वचा यांविषयीचे प्रश्न वाढतात. त्याचे कारण मुंबईकराला सांगायला नको. जिने निसरडे होतात, लोकलमध्ये ओल्या छत्र्यांसह गर्दी दाटते आणि सखल भागांत गुडघाभर पाणी साचते. या वेळी चार पत्रांना उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रातली काळजी आज अनेक घरांत आहे.

प्रश्न: माझ्या आईचे वय ६८ आहे. गेल्या आठवड्यात ती मोरीत पाय घसरून पडली आणि हात टेकताना तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर राहील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. एवढ्याशा पडण्याने हाड मोडते कसे? ते आपोआप जुळते म्हणजे आत नेमके काय होते? हात पूर्वीसारखा होईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: पडताना माणूस नकळत तळहात पुढे करतो आणि सगळ्या शरीराचा भार क्षणभर मनगटावर येतो. कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडे असतात, त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक अशा वेळी मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून केले होते. हाडाचा हा भाग आतून जाळीदार असतो आणि त्यावरचे कठीण कवच पातळ असते. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि ही जाळी वेगाने विरळ होत जाते. म्हणून पंचविशीतल्या मुलीला ज्या पडण्याने फक्त मुका मार लागला असता, त्याच पडण्याने आपल्या आईंचे हाड मोडले.

हाड म्हणजे शरीराला आधार देणारे वाळके लाकूड, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवत असताना मी दरवर्षी एक साधा प्रयोग दाखवत असे. कोंबडीचे एक बारीक हाड स्वच्छ करून काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे आणि दुसरे विस्तवावर चांगले भाजायचे. व्हिनेगर हाडातले क्षार विरघळवते, त्यामुळे पहिले हाड आकाराने तसेच दिसते, पण रबरासारखे वाकते. भाजलेल्या हाडातले कोलॅजन हे प्रथिन जळून जाते आणि ते बोटाने दाबताच भुगा होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे हाड कठीणही राहते आणि काहीसे लवचीकही. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम याच साठ्यात असते आणि रक्ताला गरज पडली की ते तिथूनच उचलले जाते.

या साठ्याची मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. अस्थिभंग झाल्यावर हेच काम एका जागी जोराने सुरू होते. मोडलेल्या टोकांमध्ये प्रथम रक्ताची गुठळी जमते, दोन-तीन आठवड्यांत तिची जागा कूर्चेसारखा मऊ जोड घेतो, मग त्यात क्षार साचून तो कठीण होऊ लागतो. या कठीण होण्यालाच सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि पुढे कित्येक महिने हाड तो ओबडधोबड जोड तासून मूळ आकाराकडे नेत राहते. प्लास्टर हाड जोडत नाही. जोडण्याचे काम शरीर करते आणि प्लास्टर तेवढा वेळ ती टोके जागेवर धरून ठेवते.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. प्लास्टरमध्ये मनगट स्थिर असले तरी बोटे आणि खांदा आईंनी पहिल्या दिवसापासून हलवत राहायला हवे; हे न केल्यामुळे हाड छान जुळले पण खांदा आखडला, अशी उदाहरणे मी फार पाहिली आहेत. बोटे निळसर पडली, बधिर झाली, फार सुजली किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. प्लास्टर काढल्यावर हात बारीक आणि त्वचा कोरडी, खवलेदार दिसेल. ते पाहून घाबरू नये, कारण वापराविना स्नायू काही आठवड्यांतच रोडावतात आणि व्यायामाने बहुतांशी भरून येतात. फिजिओथेरपी मात्र कंटाळून अर्ध्यावर सोडू देऊ नका.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण मनगट मोडणे ही पुष्कळदा खुब्याच्या अस्थिभंगाआधी मिळालेली सूचना असते. आहारात नाचणी, तीळ, दूध, दही आणि चालत असल्यास काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी असावी. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते बनवण्याचे काम उन्हाच्या मदतीने त्वचा करते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण त्यातले आवश्यक किरण काच अडवते. गच्चीत किंवा गॅलरीत थेट ऊन अंगावर यावे लागते. आणि मोरीत भिंतीला पकडायला एक दांडी आजच बसवून घ्या.

प्रश्न: मी रोज विरारहून चर्चगेटला जाते. तासाहून अधिक वेळ वरची कडी धरून उभी असते. हात जागचा हलत नाही, तरी भरून येतो. शाळेत शिकलो होतो की वस्तू हलली नाही तर कार्य शून्य. मग थकवा कशाचा?
– एक वाचक, विरार

उत्तर: भौतिकशास्त्राचा नियम बरोबर आहे, पण स्नायू म्हणजे खुंटी नव्हे. खुंटीला पिशवी टांगून ठेवायला काही लागत नाही. स्नायूला ताणलेल्या अवस्थेत राहण्यासाठी क्षणोक्षणी ऊर्जा खर्चावी लागते. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांशेजारी असतात. मायोसिनच्या धाग्याला असंख्य सूक्ष्म डोकी असतात, ती शेजारच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. रस्सीखेचीत दोर जागचा हलत नसला तरी खेळाडूंचे हात सतत मागेपुढे होत असतात, तसेच हे आहे. धाग्यांच्या या सरकण्याची कल्पना १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी मांडली आणि दोन्ही गटांत हक्स्ली आडनावाचे एकेक शास्त्रज्ञ होते, अँड्र्यू आणि ह्यू. त्यांचे आपसांत नाते नव्हते. प्रत्येक ओढीला एटीपी हे इंधन लागते. त्यातच आखडलेला स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या दाबतो आणि हात डोक्यावर असल्यामुळे रक्त पोचणेही अवघड होते. म्हणून हात भरून येतो.

आपण कडी बोटांनी धरता, पण बोटांत ती ताकद देणारे स्नायूच नसतात. डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि उजवी मूठ आवळा: मांस आवळताना तिथे जाणवेल. तिथून निघालेल्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. विच्छेदनगृहात मी त्यांपैकी एक दोरी चिमट्याने हलकेच ओढत असे आणि मृतदेहाचे तेवढे एकच बोट वळत असे. त्या क्षणी साऱ्या वर्गात पसरणारी शांतता मला अजून आठवते. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून हात वाकवणाऱ्या स्नायूच्या समोर तो सरळ करणारा दुसरा स्नायू असावाच लागतो.

प्रवासात हात दर काही स्थानकांनंतर बदला आणि कोपर किंचित वाकलेले ठेवा. खांद्याला अडकवलेली जड पर्स रॅकवर ठेवता आली तर उत्तम. पोटऱ्यांचे स्नायू आखडताना पायांतले रक्त हृदयाकडे ढकलतात, त्यामुळे उभ्या उभ्या टाचा उचलत राहिल्यास पायही कमी जड होतील. हाताला वारंवार मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल, तर ते केवळ थकव्यावर न सोडता तपासून घ्यावे.

प्रश्न: माझे हिंदमाताजवळ दुकान आहे. पाणी तुंबले की त्यातून चालत जावे लागते. पायाला भेगा असतील तर त्वचा कितपत संरक्षण करते?
– एक वाचक, परळ

उत्तर: अखंड त्वचा फार चांगले संरक्षण करते. तिचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. त्या एकमेकींवर विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मध्ये चरबीयुक्त गिलावा असतो. तळहात आणि तळपाय सोडले तर हा थर कागदाहूनही पातळ असतो, तरी बहुतेक जंतू त्याला ओलांडू शकत नाहीत. पण भेग, खरचटलेली जागा किंवा बोटांमधली चिखली म्हणजे या भिंतीतले उघडे दार, आणि तास-दोन तास पाण्यात राहून त्वचा मऊ पडली की भिंतही कच्ची होते. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू याच वाटांनी शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची मोठी साथ सोसली आहे.

गमबूट वापरा, जखम जलरोधक पट्टीने झाका, दुकानात पोचल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा. तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारा. ते ७२ तासांच्या आत सुरू करायचे असते. पुढच्या काही दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले आणि विशेषतः पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचे आपणहून सांगा. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

प्रश्न: वडिलांनी नेत्रदानाबरोबर त्वचादानाचीही इच्छा सांगितली आहे. आईला वाटते की देह विद्रूप होईल. हे खरे आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही. आईंना हे शांतपणे सांगा की त्वचा सोलून काढत नाहीत. मांड्या, पाय आणि पाठ अशा झाकलेल्या भागांवरून एका उपकरणाने फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतला जातो, तिथे पट्टी बांधली जाते आणि चेहऱ्याला हातही लावला जात नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये जतन करतात. गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर ती काही आठवडे पांघरुणासारखी राहते, शरीरातले पाणी वाहून जाणे आणि जंतूंचा शिरकाव रोखते, वेदना कमी करते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा येईपर्यंतचा मोलाचा काळ मिळवून देते. रक्तगट जुळण्याची गरज नसते. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग अथवा संसर्ग असल्यास मात्र दान घेत नाहीत.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान व्हावे लागते आणि त्या वेळी संमती घरच्यांनीच द्यायची असते. म्हणून वडिलांची इच्छा आईंसह घरातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असू द्या, आणि त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.