घरगल्ली म्हणजे बोळ नव्हे

'घरगल्ल्यांची सफाई' या मुंबईच्या बातमीत 'घरगल्ली'ऐवजी सरळ 'बोळ' लिहिलं तर काय बिघडलं, असा प्रश्न आला आहे. बिघडतं. बोळातून माणसं जातात-येतात, पुण्यात तर बोळाला नावही असतं. घरगल्लीतून जातं ते सांडपाणी, आणि ते वाहतं ठेवणारा सफाई कामगार.

शब्द कायद्यातला आहे. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात 'हाउस-गली'ची व्याख्या दिली आहे: गटार म्हणून वापरायची, किंवा संडास-मुतारी-मैलाकुंडीपर्यंत सफाईवाल्याला पोचता यावं म्हणून राखलेली जमिनीची पट्टी. त्याचंच मराठी 'घरगल्ली'. इंग्रजीतही 'गली' म्हणजे पाण्याचा चर किंवा गटार. प्लंबर गटाराच्या तोंडाशी बसवतो त्या 'गली ट्रॅप'मधली गली तीच. आपली 'गल्ली' वेगळी, पण उच्चार जवळचा, त्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले. व्याख्येत गटार आधी आहे आणि वाट नंतर, हे विसरू नये.

जुन्या चाळीची मागची बाजू पाहिली की शब्द उलगडतो. दोन चाळींच्या पाठी एकमेकींना जेमतेम काही फुटांवर. वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचे नळ भिंतीवरून खाली येऊन उघड्या पन्हळीत ओतत. संडास टोपलीचे: मैला उभ्या धारेने खालच्या टोपलीत पडे आणि हलालखोर ती घरगल्लीतून उचलून नेई (त्यासाठी पालिका 'हलालखोर कर' घेई). टोपली भरली किंवा धार चुकली की सगळं फरशीवर. त्यात खिडकीतून टाकलेलं खरकटं आणि राख. पन्हळ तुंबली की पाणी जोत्यात मुरे, उंदीर माजत. मागच्या खोल्यांना उजेड-वारा मिळायचा तोही याच फटीतून.

1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. गणित सोपं: खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेघ काढली तर ती समोरच्या इमारतीला न अडता आकाशाला भिडली पाहिजे. म्हणजे समोरची भिंत 40 फूट असेल तर मधे 20 फूट मोकळं हवं. या मापात जुनी घरगल्ली बसणं शक्यच नव्हतं. नुसती धुऊन-झाडून ती सुधारत नाही, रुंदीच बदलावी लागते. ट्रस्टच्या बीआयटी चाळींना मोकळी जागा ठेवायची ती म्हणूनच.

घरगल्ली नीट चालायची तर फरशीचा उतार दोन्ही भिंतींकडून मधल्या पन्हळीकडे हवा, आणि शेवटी गली ट्रॅप. ट्रॅपमध्ये सुमारे 2 इंच पाणी कायम उभं राहतं. गटारातला वास आणि झुरळं तेच अडवतं. बराच काळ पाणी पडलं नाही तर ते सुकतं आणि दुर्गंधी थेट वर येते. जाळीत भाताची शितं अडकली की उलट, पाणी फरशीवर साठतं.

तेव्हा 'खिडकी घरगल्लीवर उघडते', 'घरगल्लीत कचरा टाकू नये' हे बरोबर. 'ती समोरच्या घरगल्लीत राहते' हे मात्र चूक. तिथे गल्ली किंवा बोळ म्हणा.