मुंबईत दोन-तीन रात्री : उतरायचं कुठे?

प्रश्न : आम्ही चौघं (मुलं ८ आणि १२ वर्षांची) नागपूरहून तीन दिवस मुंबई बघायला येतोय. जो तो सांगतो दादरला उतरा, सगळ्याच्या मध्यावर पडतं. पण तेवढ्याच पैशांत अंधेरीला बरीच मोठी खोली मिळतेय. – वाचक, नागपूर

अंधेरी विसरा. तुमच्या यादीतलं गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग हे सगळं दक्षिणेला आहे. मुंबईत अंतर किलोमीटरवर ठरत नाही, गर्दी कुठल्या दिशेने वाहते त्यावर ठरतं. सकाळी साधारण आठ ते अकरा लोकल चर्चगेट-सीएसएमटीकडे भरून जातात आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ त्याच माणसांना घेऊन परत येतात. अंधेरीत राहिलात तर दोन्ही वेळा त्याच लोंढ्यात सापडाल, तेही आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून. मोठी खोली फक्त झोपायला उपयोगी पडेल.

दादरचं नाव निघतं ते पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे एकत्र येतात म्हणून. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याला हा मोठा फायदा. तुमच्यासाठी मात्र सीएसएमटी-फोर्ट जास्त सोयीचं आहे. विदर्भ आणि सेवाग्राम दोन्ही गाड्या सीएसएमटीलाच संपतात, म्हणजे सामान घेऊन लोकल बदलणं नाही. गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. भायखळ्याला राणीच्या बागेत जाताना सकाळी उलट दिशेची, त्यामानाने रिकामी लोकल मिळते. शिवाय ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. सीएसएमटीहून सिद्धिविनायक आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आता एका गाडीत होतं.

फोर्टमध्ये खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. हा कचेऱ्यांचा भाग. रविवारी आणि रात्री नऊनंतर बरीच खाणावळी-हॉटेलं बंद असतात, तेव्हा मुलांचं जेवण आधी उरका. जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, असं सर्रास असतं. फोन करून दोनच प्रश्न विचारा : लिफ्ट चालू आहे का, आणि खोलीची खिडकी कुठे उघडते? ‘डक्टमध्ये’ (म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद पोकळीत) असं उत्तर आलं तर दुसरी खोली मागा.

दादरच घ्यायचं तर पश्चिमेला स्टेशनला लागून नको, फुलबाजार पहाटेच जागा होतो. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्यासाठीच येत नसाल तर ते दिवस टाळा. आणि दिवस ठरवताना एवढं बघा : घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी.

प्रश्न : वय ६८ आणि ६४. अमेरिकेच्या व्हिसासाठी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) सकाळी लवकरची वेळ आहे. भाची वाशीला राहते, तिच्याकडून जावं की हॉटेल घ्यावं? – वाचक, सांगली

भाचीकडे परतताना जा. वाशी ते कुर्ला लोकलने अर्धा तास, हे कागदावर सोपं दिसतं. पण कुर्ला स्टेशनबाहेर त्याच वेळी बीकेसीत कामाला जाणारे सगळे बस-रिक्षासाठी उभे असतात. तिथे किती वेळ मोडेल याचा भरवसा नाही, आणि तुमची वेळ चुकवून चालणारी नाही.

आदल्या रात्री वांद्रे पूर्व (कलानगरची बाजू) किंवा सांताक्रूझ पूर्वला उतरा. तिथून बीकेसीत रिक्षा जाते. जवळ राहण्याचं आणखी एक कारण आहे. वाणिज्य दूतावासात मोबाइल नेता येत नाही, आणि तो ठेवण्याची सोय तिथे नसते. बाहेर कुणाच्या तरी हातात फोन देण्यापेक्षा खोलीत ठेवून निघालेलं बरं. रिक्षा मीटरवर घ्या, सुटे पैसे आणि हॉटेलचं कार्ड खिशात ठेवा. फोन नसताना पत्ता आठवत नाही, अशी पंचाईत होते.

बोटांचे ठसे-फोटो आणि मुलाखत हे बहुधा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी असतं. दोन्ही पत्रांवरचे पत्ते नीट वाचा. तारीख पुढेमागे होऊ शकते, म्हणून रद्द करता येणारी खोलीच घ्या, पाच-दहा टक्के महाग पडली तरी.

प्रश्न : वडिलांना टाटा रुग्णालयात दाखवायचं आहे. पहिलीच वेळ. राहायचं कुठे, आणि धर्मशाळा लगेच मिळते का? – वाचक, अमरावती

आधी बोलावलं कुठे आहे ते पाहा, परळ की खारघर? टाटाचं खारघरलाही केंद्र आहे आणि दोन्हींत लोकलने तासाभराहून जास्त अंतर पडतं. खारघर असेल तर तिथेच किंवा बेलापूर-पनवेलला राहा.

परळ असेल तर रुळांच्या पूर्वेकडची बाजू निवडा : परळ, लालबाग, दादर पूर्व. नकाशावर प्रभादेवी, लोअर परळ हाकेच्या अंतरावर दिसतं, पण ते पश्चिमेला. मधला प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडण्यासाठी बंद केला, त्यामुळे टॅक्सीला दादरच्या टिळक पुलाकडून किंवा करी रोडकडून वळसा पडतो. आजारी माणसाला घेऊन रोज हे नको. पत्त्याची खात्री पिनकोडवरून करा : परळ ४०००१२, दादर पूर्व ४०००१४, दादर पश्चिम ४०००२८. ‘टाटाजवळ’ असं जाहिरातीत कुणीही लिहितं. पावसाळ्यात हिंदमाताच्या चौकात पाणी भरतं, तेव्हा त्या चौकालगतचा लॉज टाळा.

धर्मशाळा आहेत. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. पण पहिल्या दिवशी जागा मिळेल असं धरून येऊ नका. आधी रुग्णालयात नोंदणी होऊन फाइल हातात यावी लागते, मग तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन शिफारशीचं पत्र मागायचं. रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं आधार, प्रत्येकी दोन-तीन झेरॉक्स, जवळ असू द्या. तोवरच्या दोन-तीन रात्रींसाठी लॉजचे पैसे बाजूला काढून ठेवा.

गाडी कुर्ला टर्मिनसची (तिकिटावर ‘लोकमान्य टिळक टर्मिनस’) असेल तर तिथून टॅक्सीच करा. रिक्षा शीवच्या पुढे शहरात येत नाही, मध्येच उतरवते. लोकलने जाणार असाल तर परळला धिमी गाडीच थांबते. जलद गाडीने दादरला उतरून टॅक्सी घेणं वडिलांना सोपं जाईल.

प्रश्न : गाडी पहाटे पाचला पोचते, हॉटेल म्हणतं खोली बाराला. मधले सात तास काय करायचं? – वाचक, सावंतवाडी

खोली घेतानाच ‘चोवीस तासांचा हिशेब आहे का’ असं विचारा. स्टेशनजवळच्या काही लॉजमध्ये तुम्ही ज्या वेळी शिराल त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी खोली सोडायची असते. पहाटे येणाऱ्यांना हेच परवडतं. दुसरीकडे सकाळी नऊ-दहालाच सगळ्यांनी खोली सोडायची पद्धत असते. तिथे पहाटे पाचला शिरलात तर चार तासांचंही पूर्ण भाडं लागू शकतं, म्हणून फोनवरच स्पष्ट करून घ्या.

नुसती आंघोळ आणि विश्रांती हवी असेल तर रेल्वेची विश्रामगृहं आहेत. ती कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळतात. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत.

आणि मुंबईचा पत्ता असलेलं आधार दाखवलं तर इथली बरीच हॉटेलं खोली नाकारतात. सोबत मुंबईकर मुलगा किंवा पुतण्या राहणार असेल तर आगाऊ पैसे भरण्याआधी हे विचारा.