होमस्टे बुकिंगच्या सर्व्हरला थ्रेड्स घ्यावेत की इव्हेंट लूप?

तुम्ही लिहिलंय की मालवण-तारकर्लीच्या होमस्टेंचं बुकिंग घेणारा सर्व्हर करताय, मे महिन्यात गर्दी उसळणार, तुम्हाला नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं, इव्हेंट लूपवालं) येतं पण मित्र म्हणतो जावा घे, त्यात थ्रेड्स असतात (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा). मी रत्नागिरीत बसून असलीच कामं करतो, हापूसच्या ऑर्डरी वगैरे. माझ्या मते नोडच ठेवा.

बुकिंगमध्ये बराचसा वेळ वाट बघण्यातच जातो, डेटाबेसची, पेमेंट गेटवेची, एसएमएसवाल्याची, आणि अशा कामाला इव्हेंट लूप (एकच थ्रेड, ज्याचं उत्तर आलं त्याचं काम उचलत फिरणारा) झकास कारण ताटकळलेल्या प्रत्येक कनेक्शनमागे एकेक थ्रेड अडकून पडत नाही. एका सर्व्हरवर दहा हजार कनेक्शन कशी पेलायची हा प्रश्न डॅन केगेल नावाच्या प्रोग्रॅमरने १९९९ मध्येच मांडला होता, पण तुमच्याकडे तेवढ्या खोल्या तरी आहेत का? त्यामुळे त्या आकड्यांना घाबरून काही ठरवू नका.

लूप मार खातो तो सीपीयूच्या कामात. खोलीचा भलामोठा फोटो त्याच लूपमध्ये जावास्क्रिप्टने लहान करायला घेतलात की तेवढा वेळ बाकी सगळे लटकले, कुणाचं पेमेंट होऊन आलंय तेपण उचललं जात नाही. असली कामं वर्कर थ्रेडला (लूपबाहेरच्या वेगळ्या थ्रेडला) द्या. (तसे नोडच्या पोटातपण थ्रेड असतातच, लिबयूव्ही या त्याच्या आतल्या लायब्ररीचा थ्रेडचा संच, बाय डिफॉल्ट ४ चा, फाइल वाचणं त्यावरच चालतं.)

आणि 'सिंगल थ्रेड आहे म्हणजे रेस कंडिशन नाही' (म्हणजे दोन कामं एकाच गोष्टीवर एकदम धावून होणारा घोळ नाही) असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकू नका. खोली रिकामी आहे का विचारलं, अवेट केलं (उत्तर येईपर्यंत लूप दुसऱ्यांची कामं करतो), उत्तर आलं रिकामी, मग इन्सर्ट, म्हणजे बुकिंगची नोंद. त्या अवेटच्या फटीत दुसऱ्या कुणीतरी तीच खोली विचारली, त्यालाही रिकामी, झालं, शनिवारी दोन कुटुंबं बॅगा घेऊन एकाच दारात. मेमरीत लॉक ठेवून भागत नाही, सर्व्हरच्या दोन प्रोसेस चालवल्या की तो लॉक गेला. हे डेटाबेसमध्येच अडवायचं, एका रात्रीची एक ओळ आणि खोली-तारीख जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम), मग दुसरा इन्सर्ट आपोआप फेल होतो, त्याला 'खोली गेली' दाखवा. जावात गेलात तरी हेच करावं लागेल.

मित्राचं अगदीच चूक नाही, जावा २१ पासून (२०२३) व्हर्च्युअल थ्रेड आलेत, कोड सरळ ओळीने लिहायचा आणि वाट बघताना खालचा खरा थ्रेड मोकळा होतो. पण पोस्टग्रेस डेटाबेस बाय डिफॉल्ट १०० च कनेक्शन घेतं, वर हजार थ्रेड आणलेत तरी रांग तिथे लागणारच, त्यामुळे भाषा बदलण्याआधी कनेक्शन पूल (डेटाबेसची ठरावीक कनेक्शन आळीपाळीने वापरायची सोय) नीट लावा.