नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यास

प्रिय सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

महावितरणमध्ये पदवीधर अभियंता प्रशिक्षणार्थी म्हणून तुमची निवड झाल्याचे वाचून आनंद झाला. पसंतीचे ठिकाण विचारले गेले तर काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मुख्यालयाचा किंवा माहिती तंत्रज्ञान विभागाचा मोह सुरुवातीची काही वर्षे बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या ठिकाणचे, कृषिपंपांचा भार मोठा असलेले शाखा कार्यालय मिळत असेल तर ते घ्या, असे माझे मत आहे. वितरणाचे जाळे नकाशावर एक असते आणि शेतातून, ओढ्याकाठून, वस्तीमागून जाताना दुसरेच असते. हे दुसरे जाळे अभियंत्याला सुरुवातीच्या वर्षांत पायी फिरून कळले नाही, तर पुढे खुर्ची मोठी झाल्यावर ते शिकायला कोणी वेळ देत नाही.

1960 साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, हे तुम्ही मुलाखतीसाठी पाठ केलेच असेल. कोयनेचे 1960 मेगावॅट किंवा चंद्रपूरहून पडघ्याला येणारी 500 केव्हीची एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी यांच्याविषयी बोलायला आपल्या सर्वांनाच आवडते; ग्राहकाचा संबंध मात्र 33/11 केव्ही (33 हजार व्होल्टचा दाब 11 हजारांवर आणणाऱ्या) उपकेंद्रापासून त्याच्या मीटरपर्यंतच्या टप्प्याशी येतो आणि त्या टप्प्याची जबाबदारी शाखा अभियंत्याची असते.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात उपकेंद्राच्या भिंतीवरचा एकरेषीय आराखडा (सगळी जोडणी एकेका रेषेने दाखवणारा नकाशा) वहीत उतरवून घ्या आणि मग एकेक फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) शेवटच्या खांबापर्यंत लाइनमनबरोबर चालून पाहा. वादळात एखादी वस्ती तात्पुरती शेजारच्या फीडरवर घेतलेली असते आणि ते जंपर (दोन तारा जोडणारे तुकडे) तसेच राहिलेले असतात. एखादा एबी स्विच (लाइन तोडण्यासाठी खांबावर बसवलेला, खालून हँडलने चालणारा स्विच) आराखड्यात दिसतो, पण त्याचे हँडल गंजून बसलेले असते, तर एखादा नवा बसवलेला स्विच आराखड्यात चढवायचाच राहून गेलेला असतो. ही माहिती कार्यालयातल्या कोणत्याही रजिस्टरपेक्षा जुन्या लाइनमनच्या डोक्यात अधिक अचूक असते. वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांना ‘अहो’ म्हणा, त्यांच्या नावापुढे राव किंवा भाऊ लावा आणि खांबावर चढण्याआधी त्यांचे काय म्हणणे आहे ते ऐकून घ्या. ते तुम्हाला साहेब किंवा मॅडम म्हणतील, पण त्यामुळे तुम्हाला त्यांच्याहून जास्त कळते असे समजू नका.

आता परमिट, म्हणजे लाइनवर काम करण्याची लेखी परवानगी, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण महाविद्यालयात हा विषय जवळजवळ शिकवलाच जात नाही. लाइनवर काम करण्यासाठी उपकेंद्रातून परमिट घेतले आणि ब्रेकर (तिथला पुरवठा तोडणारा स्विच) उघडला, म्हणजे लाइन मृत झाली असे मुळीच नाही. एबी स्विच उघडल्यावर त्याची तिन्ही पाती खरोखर सुटली आहेत का, हे खाली उभे राहून डोळ्यांनी पाहावे लागते. एखादे पाते अडकून राहते आणि हँडल मात्र पूर्ण फिरलेले दिसते. दोन फीडरच्या हद्दीवर पलीकडून पुरवठा येऊ शकतो. मंगल कार्यालयाच्या जनरेटरचा किंवा घरातल्या चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरचा पुरवठा रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा जाऊन 11 केव्हीची बाजू जिवंत करू शकतो. छतावरच्या सौर संचांचे इन्व्हर्टर पुरवठा जाताच आपोआप बंद होतात हे खरे असले, तरी त्या भरवशावर कोणाचा हात तारेला लागू देऊ नये. शेजारून दुसरी लाइन समांतर जात असेल, तर बंद लाइनवरही विद्युत दाब प्रेरित होतो. म्हणून चाचणी, डिस्चार्ज आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तारा जमिनीला जोडणे), हा क्रम पाऊस असो, अंधार असो किंवा सरपंचांचा पाचवा फोन येत असो, बदलायचा नाही. ज्याने परमिट घेतले, त्यानेच सगळी माणसे खाली उतरल्याची आणि अर्थिंग काढल्याची खात्री करून ते परत करायचे; ‘काम झालंय, चालू करा’ असा तिसऱ्याच कोणाचा निरोप उपकेंद्रातल्या यंत्रचालकाने ग्राह्य धरू नये, ही शिस्त तुम्हीच लावायची आहे. घाई करणाऱ्या वरिष्ठांना नम्रपणे पण स्पष्ट नकार देणे हा या नोकरीतला सर्वांत अवघड भाग आहे, असे मला वाटते.

दुसरा मोठा विषय रोहित्रांचा. शेतकरी त्याला डीपी म्हणतात आणि ऐन रब्बीत ती जळाली की सगळे गाव कार्यालयात येते. जळालेले रोहित्र बदलून देणे हे काम आहेच, पण ते का जळाले हे शोधल्याशिवाय नवे बसवले, तर तेही जळण्याची शक्यता मोठी असते. 100 केव्हीए रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्ण भार 433 व्होल्टला सुमारे 133 ॲम्पिअर होतो. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण साडेसात ॲम्पिअर घेतो, म्हणजे सतरा-अठरा पंपांवर ते भरले; प्रत्यक्षात मात्र मंजूर भारापेक्षा मोठ्या मोटारी आणि चोरून टाकलेले आकडे धरून त्याहून बरेच पंप चालू असतात. त्यात प्रत्येक पंपाला ऑटो स्विच असतो. त्यामुळे पुरवठा येताच सगळे पंप एकाच वेळी सुरू होतात आणि सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट होतो. ऑटो स्विच काढून लाइनवरचा प्रवाह कमी करणारा कॅपॅसिटर बसवा, असे शेतकऱ्याला कार्यालयात सांगून भागत नाही. ते बांधावर उभे राहून, टाँग टेस्टर या तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या उपकरणावरचा आकडा त्यालाच वाचायला देऊन सांगावे लागते. तेलाची पातळी, तिन्ही फेजवरचा असमतोल भार, न्यूट्रलची अर्थिंग आणि किटकॅटमध्ये (फ्यूजच्या धारकात) फ्यूज तारेच्या जागी कोणी जाड ॲल्युमिनियमची तार तर घातली नाही ना, एवढे पाहायला तुम्हाला अर्धा तासही लागणार नाही.

कायद्याचे थोडेच लिहितो. विद्युत अधिनियम 2003 मधील कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कलम 126 खालील अनधिकृत वापर आणि कलम 135 खालील वीजचोरी यांची गल्लत करू नका. चोरीच्या कारणाने पुरवठा तोडल्यावर 24 तासांत पोलिसांकडे लेखी तक्रार जाणे आवश्यक असते आणि पंचनामा ढिसाळ झाला की पुढचे सगळे कोसळते. वसुलीचे उद्दिष्ट, दूरदृश्य बैठका, दिवसातून तीनदा मागितले जाणारे तेच तक्ते यांत तुमचा बराच वेळ जाईल. त्यावर उपाय मला सापडलेला नाही, मात्र सकाळी साडेनऊपूर्वीचा वेळ लाइनवर घालवला, तर तो सहसा कोणी मागत नाही.

रुजू झाल्यावर तुमच्या शाखेतला सर्वांत जास्त ट्रिपिंग (बिघाडामुळे पुरवठा आपोआप तुटणे) होणारा एक फीडर निवडा. त्याच्या मूळ आराखड्यावर जागेवर आढळलेले फरक लाल शाईने दाखवा, लॉगबुकातून मागील पावसाळ्यातल्या ट्रिपिंगच्या तारखा आणि वेळा काढा आणि दोन्ही मला पाठवा. कोणत्या खांबापासून फांद्यांची छाटणी सुरू करायची आणि कुठे पिन इन्सुलेटर (तार खांबापासून विलग धरणारे) बदलायचे, ते पुढच्या पत्रात पाहू.

आपला,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता